दगड घडवणारे हात आणि त्यांची स्फूर्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेण्यात किंवा जुन्या देवळात गेलं की आपण राजाचं नाव विचारतो, शतक विचारतो, दान कुणी दिलं ते विचारतो. ज्यानं छिन्नी धरली त्याच्याविषयीचे प्रश्न मागाहून येतात, आणि तेच सगळ्यांत जास्त मोलाचे असतात असं मला वाटतं. असे पुन्हा पुन्हा कानावर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आहेत, कारण काळ्या पाषाणात इतकं आणि इतका दीर्घकाळ कोरलेला दुसरा प्रदेश क्वचितच सापडेल.

जुने शिल्पी अनामिक होते ना?

हा समज आता सोडून द्यायला हवा. बहुतेकांची नावं गेली हे खरं, पण जी उरली आहेत तीही आपण वाचत नाही. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागावर, यक्षाच्या भंगलेल्या मस्तकाशेजारी, ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे: 'कण्हस अंतेवासिना बलकेन कतं'. कण्हाचा शिष्य बलक, त्यानं हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस आपल्या नावाआधी गुरूचं नाव घेतो.

कन्नडच्या बाजूच्या पितळखोरा लेण्यात एक ढेरपोट्या, हसरा यक्ष सापडला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलं आहे की हे कण्हदास नावाच्या सोनारानं केलं. कार्ल्याच्या चैत्यगृहात दाराचं काम धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुतारानं केल्याचा लेख आहे. शेजारच्या कर्नाटकात पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावर गुंड अनिवारिताचारी या स्थपतीचं नाव आणि त्याला मिळालेला मान नोंदवलेला आहे. होयसळ देवळांत तर मूर्तीच्या पायथ्याशी सही करण्याची रीतच होती. बेलूरला दासोज आणि त्याचा मुलगा चावण यांच्या सह्या आजही वाचता येतात.

त्यांना कल्पना कुठून सुचायच्या?

वरच्या नावांकडे पुन्हा बघा. एक सोनार, एक सुतार. त्यात सांचीची भर घाला. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी काम केल्याचा लेख आहे, आणि त्याच तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचाही. म्हणजे सातवाहनांच्या काळात दगडाकडे वळलेले हात आधी लाकूड, सोनं आणि हस्तिदंत यांवर तयार झालेले होते. माझ्या मते स्फूर्तीच्या प्रश्नाचं सगळ्यांत भक्कम उत्तर इथे आहे. ती आकाशातून पडली नाही, शेजारच्या कारागिराच्या ओट्यावरून आली.

भाज्याचं चैत्यगृह पाहा. आतले अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत, किंचित आत झुकलेले आहेत. लाकडी मंडपात छपराचा भार बाहेर ढकलतो म्हणून खांब तिरके रोवावे लागत. अखंड कातळात कोरलेल्या खांबाला तशी काहीच गरज नाही, तरीही कोरणाऱ्यानं ते तिरके ठेवले. सुमारे 38 मीटर लांबीच्या कार्ल्याच्या चैत्यात छताला खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्या आहेत, आणि त्या अजून टिकून आहेत. नंतर वेरूळच्या दहाव्या लेण्यात, सातव्या शतकाच्या सुमारास, त्याच कमानी दगडातच कोरल्या गेल्या. आसपासचे लोक त्या लेण्याला 'सुताराची झोपडी' म्हणत आले. लाकूड केव्हाच बाजूला पडलं होतं, पण लाकडाचा आकार पिढ्यान्‌पिढ्या हातात राहिला होता.

सोनाराची नजर बारकाव्यांत दिसते. मूर्तीच्या गळ्यातली माळ, कमरपट्ट्याची साखळी, बाजूबंदाची पानं, हे सगळं दागिना कसा ओवला जातो हे ठाऊक असणाऱ्यानंच कोरावं. पुढच्या वेळी एखाद्या यक्षिणीचा कमरपट्टा पाहाल तेव्हा फक्त कड्या कशा एकमेकींत अडकल्या आहेत तेवढं पाहा.

तिसरा झरा रोजच्या जगण्याचा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं आहेत आणि चौघांत मिळून एकच डोकं. ज्या धडाकडून पाहाल त्या धडाला ते डोकं नेमकं बसतं. हरणं चरताना, कान खाजवताना, मान वळवून बसताना तासन्‌तास पाहिल्याशिवाय असा खेळ जमत नाही.

दगड स्वतः काही सुचवतो का?

सुचवतो आणि अडवतोही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचा कातळ तयार झाला. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, काळे, पोलादी छिन्नीलाही दाद न देणारे. काही मांजऱ्या, म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्यांचे आणि त्यात पांढरी खनिजं भरलेले. दोन थरांच्या मध्ये कधीकधी मातकट लाल पट्टा येतो आणि तिथे पाणी झिरपतं. लेणं कुठल्या उंचीवर सुरू करायचं, छत कुठे ठेवायचं हे या थरांनी ठरवलं. चूक झाली तर जोड लावायची सोय नाही. मध्येच भेग लागली म्हणून एखादी कोठडी सोडून दिलेली किंवा खांब हलवलेला दिसतो, तेव्हा तिथे कातळाचं ऐकलेलं असतं.

सुट्या दगडाची पारख कानानं होते. हातोडीनं ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर दगड एकसंध, बद्द आवाज आला तर आत चीर. शिल्पशास्त्रात तर आवाजावरून पुरुष शिला, स्त्री शिला आणि नपुंसक शिला असे भेद करून कुठली मूर्तीला आणि कुठली मूर्तीखालच्या बैठकीला घ्यावी ते सांगितलं आहे.

कैलास लेणं खरंच वरून खाली कोरलं का? हातांनी हे शक्य होतं?

होय, वरून खाली, आणि हातांनीच. डोंगराच्या उतारात तीन बाजूंनी खोल चर खणून मध्ये एक अवाढव्य ठोकळा सुटा केला, आणि त्यातून शिखरापासून जोत्याकडे येत मंदिर मोकळं केलं. अंगण सुमारे 82 मीटर लांब आणि 46 मीटर रुंद आहे, मंदिराची उंची 30 मीटरच्या आसपास. वरून सुरुवात केली की परांच्या बांधाव्या लागत नाहीत. पायाखालचा न कोरलेला दगड हाच कामाचा मंच, आणि फोडलेला दगड उतारावरून खाली ढकलता येतो.

ज्यांना यंत्रं किंवा परग्रहवासी हवे असतात, त्यांनी अजिंठ्याचं चोविसावं लेणं पाहावं. ते अर्धवट राहिलं म्हणून कामाची रीत उघडी दिसते: आधी बोगद्यासारखे चर, मग मधल्या भिंती फोडणं, मग खांबांचे ओबडधोबड चौकोन, शेवटी नक्षी. भिंतींवर टाक्यांचे समांतर ओरखडे तसेच आहेत. कैलासाचं काम एका राजाच्या हयातीत सगळं पुरं झालं असंही नाही. मुख्य श्रेय राष्ट्रकूट कृष्ण पहिला (आठव्या शतकाचा उत्तरार्ध) याला जातं, पण आवारातली काही कामं नंतरची आहेत. कारागिरांच्या अनेक पिढ्यांचं कसब असं कुठल्यातरी चमत्काराच्या नावावर जमा करणं मला अन्यायाचं वाटतं.

मग कैलासाची मूळ कल्पना कुणाची?

कल्पनेचा प्रवास सांगता येतो. आठव्या शतकाच्या सुरुवातीला कांचीत पल्लवांनी कैलासनाथ मंदिर बांधलं. बदामीच्या चालुक्यांनी कांची जिंकली, आणि त्या विजयानंतर राणी लोकमहादेवीनं पट्टदकलला विरूपाक्ष मंदिर उभारलं, त्यावर दक्षिणेची छाप स्पष्ट आहे. पुढे राष्ट्रकूटांनी चालुक्यांची सत्ता घेतली आणि वेरूळला तोच आराखडा डोंगरात उतरला. राजांमध्ये युद्ध चालू असतानाही घडवणाऱ्यांच्या डोळ्यांनी एकमेकांचं काम टिपलं होतं.

मराठीत एक जुनी आख्यायिकाही आहे. राजाच्या आजारात राणीनं नवस केला की शिवालयाचा कळस पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही. इतर शिल्पींनी वर्षं मागितली. पैठणचा कोकासा म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो, आणि त्यानं डोंगराच्या माथ्यापासून काम धरलं. इतिहास म्हणून ही गोष्ट घेऊ नये. पण वरून खाली कोरण्यातली हुशारी लोकांना नेमकी कळली होती, आणि तिचं श्रेय त्यांनी राजाऐवजी शिल्पीला दिलं, हे मला फार आवडतं.

इसवी सन 812 च्या बडोदा ताम्रपटातही या मंदिराचं वर्णन येतं. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क होतात, आणि खुद्द घडवणाराही चकित होतो की हे आपल्या हातून झालं तरी कसं. दानाच्या दस्तऐवजात शिल्पीच्या मनातलं आश्चर्य नोंदवणारा तो कवी धन्य आहे.

शास्त्राचे इतके नियम असताना कलाकाराला मोकळीक काय राहत होती?

प्रमाणं बांधलेली होती. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, ताल म्हणजे 12 अंगुळं. नवताल मूर्ती 108 अंगुळांची. गणपती पंचताल, म्हणून ठेंगणा आणि गुबगुबीत. आयुधं, वाहन, मुद्रा यांचं वर्णन ध्यानश्लोकात यायचं आणि ते शिल्पीला पाठ असायचं.

पण नियम माप सांगतात, वजन कुठल्या पायावर टाकायचं आणि ओठ किती मिटायचे ते सांगत नाहीत. घारापुरीचा सदाशिव पाहा. तीन मुखं, तीन स्वभाव: आपल्या डावीकडचं उग्र, उजवीकडचं कोमल, मधलं स्वतःत बुडालेलं. त्या मधल्या चेहऱ्याच्या पापण्या किती खाली आणायच्या, हे कुठल्याही श्लोकात लिहिलेलं नव्हतं. शिवाय मुख्य मूर्तीपासून दूर गेलं की हात अधिकच सैल होतो. गण, वादक, माकडं, कोपऱ्यातली भांडणारी पोरं. देवळात गेलात तर गाभाऱ्याबाहेरच्या पट्ट्यांना जास्त वेळ द्या.

होयसळ देवळांवरची नक्षी एवढी नाजूक, आपल्याकडे तशी का नाही?

दगड वेगळा. तिकडचा शंखजिऱ्यासारखा मऊ दगड खाणीतून काढल्यावर सहज कापला जातो आणि उघड्यावर हळूहळू कठीण होतो. आपला बेसॉल्ट पहिल्या घावापासून कठीण. म्हणून आपल्याकडच्या शिल्पात मोठे पृष्ठभाग, ठसठशीत कडा आणि खोल सावल्या यांवर भर आला. तरीही खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातले खांब किंवा यवतजवळचं भुलेश्वर पाहिलं की कळतं, धीर धरणाऱ्या हातासाठी बेसॉल्टमध्येही कमी काही राहत नाही.

गावाबाहेरचे वीरगळ ही कला मानायची का?

नक्कीच. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभारलेली शिळा. तिची रचना ठरलेली असते. सगळ्यांत खाली लढाई किंवा गुरं वळवून नेणाऱ्यांशी झुंज, मधे अप्सरा वीराला वर नेताहेत, त्यावर वीर शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर कळस, चंद्र, सूर्य. हा साचा गावोगावी एकच, पण आतला माणूस दरवेळी वेगळा. बोरिवलीच्या एक्सरच्या वीरगळांवर वल्ही मारणाऱ्या नौकांचं युद्ध आहे. समुद्रकाठच्या कारागिरानं जे युद्ध पाहिलं किंवा ऐकलं ते कोरलं. सतीशिळेवर बांगड्या भरलेला हात कोपरात वाकवून उभा असतो, एवढंच. ती एवढी काटकसर मला भव्य शिल्पांपेक्षाही जास्त हलवते. लेण्यांना राजे आणि सावकार लाभले. वीरगळ घडवणाऱ्याला गावातल्याच एका मरणाला आकार द्यायचा होता, आणि मेलेल्याची माणसं समोर उभी असणार.

कोकणातली कातळशिल्पं याच परंपरेतली का?

नाही, ती फार आधीची, इतिहासपूर्व काळातली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, जांभ्या दगडात उथळ रेषा खोदून ती केली आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृती सामावल्या आहेत. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. काढणाऱ्यानं तो पूर्ण कधी पाहिलाच नसेल, तो मनात धरून चालत चालत खोदला असणार. काही ठिकाणी गेंडा आहे, जो आज कोकणात नाही. गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ इथेही अशी चित्रं आहेत. 2022 मध्ये ही स्थळं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. सड्यांवर रस्ते आणि बांधकामं होत असताना ती जपणं तातडीचं आहे.

आज हे काम कोण करतं?

पाथरवट आणि वडार समाजानं ही विद्या टिकवली. रस्ते, धरणं, विहिरी, घाटातले पूल यांसाठी दगड फोडणारे हातही त्यांचेच. दळायची जाती, पाटे-वरवंटे, उखळं घडवायची, आणि पाटा गुळगुळीत झाला की दारोदार फिरून त्याला टाकी लावून द्यायची हा अनेक घरांचा चरितार्थ होता. मिक्सर आणि पिठाची गिरणी आली तसं ते काम आटत गेलं. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण आपण मुलांना शिकवतो, पण टाकी चालवणाऱ्यांची कुटुंबं पालांत राहत आली, त्यांच्या मुलांची शाळा बुडत आली. शिल्पकलेवर प्रेम असेल तर हेही बोललं पाहिजे.

बायका दगडकाम करत होत्या का?

पाट्याला टाकी लावणं हे वडार बायका सर्रास करत, खाणीतही त्या राबल्या. जुन्या लेखांत त्या दात्या म्हणून भेटतात: कान्हेरी आणि कुड्याच्या लेण्यांत भिक्षुणींनी आणि गृहिणींनी दिलेली दानं नोंदवली आहेत.

मुंबईच्या जुन्या इमारतींवरची शिल्पं इंग्रजांनी केली का?

आराखडे त्यांचे, पण कोरणारे हात बरेचसे इथले. 1857 मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या (बांधकाम 1878 ते 1888) नक्षीकामात मोठा वाटा उचलला. मोर, माकडं, पानंफुलं जवळून पाहिली की युरोपीय इमारतीच्या अंगावर इथलं रान उगवलेलं दिसतं. शहराच्या त्या काळच्या इमारतींत भिंतींना कुर्ल्याचा आणि मालाडचा दगड वापरला जाई, बारीक कोरीव कामाला पोरबंदरचा मऊ दगड.

आजच्या शिल्पकारांना या परंपरेतून काय मिळतं?

नक्कल करण्यापेक्षा दगडाशी वागण्याची रीत मिळते. एक बाहेरचं उदाहरण देते, कारण ते बेसॉल्टचं आहे. जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची भारतात हिंडला होता. पुढे जपानच्या शिकोकू बेटावर त्यानं बेसॉल्टच्या शिळा घेतल्या आणि त्यांची तपकिरी, उन्हापावसानं आलेली साल तशीच ठेवून काही ठिकाणीच आतला काळा गाभा उघडा केला. कुठे थांबायचं हे ओळखणं हाच त्या कामाचा प्राण आहे. आपल्या डोळ्यांसमोर बेसॉल्टचे डोंगर आहेत, अर्धवट राहिलेली लेणी आहेत. तिथे बसून चित्रवही भरणाऱ्या विद्यार्थ्याला विषय शोधत फिरावं लागणार नाही.

मला शिकायचं आहे. सुरुवात कशी करू?

बेसॉल्टनं नको. शंखजिऱ्याचा मऊ दगड घ्या. आधी मातीत छोटा नमुना करा, मग ठोकळ्याच्या चारही बाजूंवर आकृती आखा आणि चारही बाजूंनी थोडं थोडं आत जा. एकाच बाजूनं घुसलात तर नाक शेवटी कानापर्यंत सरकतं. टोकदार छिन्नीनं फोडणं, दात्यांच्या छिन्नीनं सपाट करणं, चपट्या छिन्नीनं कडा काढणं, मग कानस आणि पाणी लावून घासणं, हा क्रम. काटकोन तपासायला गुण्या आणि उभी रेष तपासायला ओळंबा हाताशी ठेवा.

धुळीची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या. वाळूचा खडक आणि ग्रॅनाइट यांच्या धुळीत सिलिका भरपूर असते. ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा, यंत्रानं कापताना पाण्याची धार. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

रीतसर शिक्षणासाठी मुंबईचं जे. जे., बडोद्याचा ललितकला विभाग, आणि पारंपरिक मूर्तिशास्त्र शिकायचं तर तमिळनाडूत मामल्लपुरमचं शासकीय वास्तू व शिल्प महाविद्यालय.

पाहायला कधी जावं?

शिल्प तिरप्या उजेडात बोलतं, डोक्यावरच्या उन्हात ते सपाट होतं. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपार कलल्यावर उजेड आत शिरतो. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा आणि घारापुरी सोमवारी. एका दिवसात सगळी लेणी उरकू नका. चार निवडा आणि प्रत्येकात बसा.

आमच्या गावात जुनी मूर्ती किंवा वीरगळ पडलेला आहे. काय करावं?

सगळ्यांत आधी, रंगवू नका. ऑइलपेंटखाली कोरीव रेषा बुजतात आणि तो काढताना दगडाची साल निघते. सिमेंटनं चौथऱ्यात पक्का करू नका, खालचा भाग कायमचा झाकला जातो आणि लेख असेल तर तोही जातो. घासणीनं किंवा ॲसिडनं धुवू नका. जागेवर असताना चारही बाजूंनी, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याचं नाव, त्याची गोष्ट विचारून लिहून घ्या. मग ग्रामपंचायतीमार्फत राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवा. दगड हलवायची वेळ आलीच, तर मूळ जागेची नोंद आधी करा, कारण तो कुठल्या वाटेवर आणि कुठल्या देवळासमोर उभा होता यावरच तो कुणासाठी कोरला हे पुढे कळू शकतं.